सुमन कल्याणपूर ऐकणाऱ्यांसाठी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परभणीत एका जुन्या माळवदाच्या (मातीच्या सपाट छताच्या) घरात आम्ही काही जण अधूनमधून जमतो आणि सुमन कल्याणपूर यांची गाणी ऐकतो. नांदेड, जालना, सेलू, अंबाजोगाईकडचीही मंडळी येतात. येणारे, येऊ म्हणून न येणारे आणि “हे काय नवीन खूळ काढलंय” म्हणणारे, सगळे साधारण तेच तेच विचारतात. म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली.

सुमन कल्याणपूर म्हणजे नेमक्या कोण?

हा प्रश्न पंचविशीच्या आतली पोरं विचारतात. त्यांच्या आज्या विचारत नाहीत.

सुमनताईंचा जन्म २८ जानेवारी १९३७ चा, ढाक्याचा. माहेरचं आडनाव हेमाडी. घराणं मूळ मंगळुराकडचं, वडील सेंट्रल बँकेत, नोकरीमुळे बंगालात. १९४३ मध्ये कुटुंब मुंबईला आलं. ताईंचा ओढा आधी चित्रकलेकडे. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये त्या शिकत होत्या. गाणं हौसेचं म्हणून सुरू झालं ते केशवराव भोळ्यांकडे. पुढे उस्ताद अब्दुल रहमान खाँ आणि मास्टर नवरंग यांच्याकडे रीतसर तालीम झाली. १९५४ च्या ‘मंगू’ या हिंदी सिनेमासाठी महंमद शफींनी त्यांच्याकडून तीन गाणी गाऊन घेतली, पण मध्येच संगीतकार बदलून ओ. पी. नय्यर आले आणि त्यातलं एकच गाणं सिनेमात उरलं. सुरुवातच अशी. १९५८ मध्ये रामानंद कल्याणपूर यांच्याशी लग्न झालं आणि ज्या नावानं आपण त्यांना ओळखतो ते नाव आलं. त्याआधीच्या रेकॉर्डवर ‘सुमन हेमाडी’ असं दिसलं तर दुसरी कुणी समजू नका.

आवाज लताबाईंसारखाच आहे. मग वेगळं काय ऐकायचं?

आमच्या बैठकीत सगळ्यात जास्त वेळ या प्रश्नानं खाल्ला आहे, म्हणून उत्तरही लांबणार.

आवाज जवळचा आहे यात वाद नाही. दोघींचा स्वर बारीक, वरच्या पट्टीत स्वच्छ, आणि त्या काळच्या संगीतकारांना नायिकेसाठी तसाच आवाज हवा असायचा. १९५९ च्या ‘चाँद’मध्ये हेमंतकुमारांनी दोघींना एकत्र गायला लावलं, ‘कभी आज कभी कल कभी परसों’. पहिल्यांदा ऐकताना कोण कुठली ओळ म्हणतंय ते सांगता येत नाही. त्यात श्रीलंकेतून लागणाऱ्या रेडिओ सिलोनचे निवेदक बरेचदा गायिकेचं नावच सांगत नसत, आणि काही रेकॉर्डवर तर छापलेलं नावच चुकीचं असायचं. अशा वेळी कान ज्या नावाला सरावलेले, त्याच नावाच्या खात्यात गाणं जमा होणार.

आता एक करा. १९६६ चा ‘ममता’ घ्या. संगीत रोशन यांचं. त्यात ‘रहें ना रहें हम’ दोनदा येतं, एकदा लताबाईंच्या एकटीच्या आवाजात आणि एकदा रफी-सुमन यांच्या युगुलगीतात. चाल तीच, सिनेमा तोच, संगीतकार तोच. आधी लताबाईंचं ऐका, चहा प्या, मग दुसरं ऐका. लताबाई स्वर वर नेतात तेव्हा तो रेष ओढल्यासारखा सरळ आणि ठाम जातो. गाणं त्यांच्या ताब्यात आहे हे पहिल्या ओळीतच कळतं. सुमनताई त्याच जागी स्वराला टोक येऊ देत नाहीत. वर गेल्यावर आवाज किंचित मऊ करतात, शब्दाच्या शेवटी श्वास थोडा विरू देतात. गाणं जणू त्या स्वतःपाशीच म्हणतायत आणि आपण शेजारच्या खोलीतून ऐकतोय.

माझं मत विचाराल तर त्यांचं खरं बळ हेच, आणि नुकसानही यातूनच झालं. गर्दीत ऐकलं की हा फरक हरवतो. लग्नाच्या मांडवात कर्ण्यावरून दोन्ही सारखेच ऐकू येणार. रात्री एकट्यानं, आवाज कमी ठेवून ऐकलं की पाच मिनिटांत कळतं. ‘दुसरी लता’ म्हणणाऱ्यांशी आम्ही भांडत नाही. हे दोन ट्रॅक पाठवून देतो आणि वाट बघतो.

रफीसाहेबांबरोबर त्यांची इतकी गाणी कशी?

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला लता मंगेशकर आणि महंमद रफी यांच्यात रॉयल्टीवरून बिनसलं. गायकालाही गाण्याच्या विक्रीतला वाटा मिळावा असं लताबाईंचं म्हणणं. एकदा गाण्याचे पैसे घेतले की गायकाचा हक्क संपला, असं रफीसाहेबांचं. काही वर्षं दोघं एकत्र गायले नाहीत. संगीतकारांना तर युगुलगीतं हवीच होती, आणि ती सुमनताईंकडे आली.

पण ‘जागा रिकामी होती म्हणून’ एवढंच सांगून थांबणाऱ्यांचा मला राग येतो. रिकामी जागा कुणालाही मिळू शकते, ती भरून दाखवावी लागते. १९६३ ला ‘दिल एक मंदिर’चं शीर्षकगीत. १९६४ मध्ये ‘राजकुमार’मधलं ‘तुमने पुकारा और हम चले आये’, ‘साँझ और सवेरा’मधलं ‘अजहूँ न आये बालमा’, ‘जहाँआरा’मधलं मदनमोहन यांचं ‘बाद मुद्दत के ये घड़ी आई’, ‘शगुन’मधलं खय्याम यांचं ‘पर्बतों के पेड़ों पर’. पुढच्या वर्षी ‘ना ना करते प्यार’. १९६६ ला ‘सूरज’मधलं ‘इतना है तुमसे प्यार मुझे’. या यादीत शास्त्रीय अंगाचं आहे, गझलेच्या वळणाचं आहे आणि निव्वळ मस्तीचंही आहे. ‘अजहूँ न आये’ मध्ये रफीसाहेब भैरवीच्या रंगात जे पसरतात त्याला त्या तोडीस तोड उत्तर देतात, पण कुठंही चढाओढ नाही. समोरच्याला जागा देऊन गाणं फार थोड्यांना जमतं.

‘आजकल तेरे मेरे प्यार के चर्चे’ पण त्यांचंच? पटत नाही.

त्यांचंच. १९६८, ‘ब्रह्मचारी’, शंकर-जयकिशन, शम्मी कपूर आणि नारिंगी साडीतली मुमताज. गॅदरिंगमध्ये आजही यावर पोरं-पोरी नाचतात आणि गाणारी कोण ते त्यांना ठाऊक नसतं. साठच्या दशकात जगभर ड्रम, गिटार आणि ब्रासचं जे वारं सुटलं होतं ते आपल्याकडे अशा गाण्यांतून आलं. मजा ही की पदर सावरून, मान खाली घालून गाणाऱ्या बाईंनी ते गायलं आणि ठेका कुठं सैल पडू दिला नाही. रफीसाहेब ओळीला झोके देतात, त्या नेमक्या मात्रेवर उतरतात. त्यामुळे गाणं उधळत नाही. याच जातीचं ऐकायचं असेल तर १९६५ च्या ‘जानवर’मधलं ‘मेरे संग गा’ घ्या, किंवा १९६७ च्या ‘फर्ज’मधलं ‘तुमसे ओ हसीना’.

लताबाईंनी त्यांना पुढे येऊ दिलं नाही, हे खरं का?

हा विषय पानटपरीवर चघळायला बरा. आमच्या बैठकीत त्याला बंदी आहे. एकीला मोठं करायला दुसरीला लहान करावं लागतं, असं मानणाऱ्यानं दोघींनाही नीट ऐकलेलं नसतं.

त्या काळी मराठवाड्यात ही गाणी ऐकायचे तरी कशी? मुंबई कुठं, आपण कुठं!

हे विचारलंत ते बरं केलं. गायिका मुंबईच्या, पण त्यांचा श्रोता कुठल्या कुठल्या गावात बसलेला होता हे सांगायला कुणीतरी हवं.

१९४८ ला निजामाची राजवट संपली, १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला. त्या सुमाराला रेडिओ म्हणजे गावातल्या एखाद्या देशमुखाच्या, डॉक्टरच्या नाही तर आडत दुकानदाराच्या घरची चीज. व्हॉल्व्हचा मोठा पेटीसारखा सेट, गावात वीज नसली तर बॅटरीवर चालणारा, माळवदावर ताणलेली एरियलची तार, आणि पोस्टात दरवर्षी भरायचं लायसन्स. १९५२ मध्ये केंद्रात बी. व्ही. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ गायब झाली. मग सगळ्यांचे काटे रेडिओ सिलोनकडे वळले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमीन सायानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. बुधवारची रात्र आली की वट्ट्यावर माणसं जमायची. सिलोन शॉर्टवेव्हवर, त्यामुळे आवाज लाटेसारखा यायचा-जायचा. पावसाळ्यात विजा कडाडल्या की अर्धं गाणं खरखरीत जायचं आणि नेमकं गायिकेचं नाव सांगायच्या वेळेला सेट घोगरा व्हायचा. माझी आत्या सांगायची, “आवाज ओळखीचा झाला होता रे, माणूस ओळखीचं नव्हतं.”

३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती आली आणि सरकारी रेडिओलाही सिनेमाची गाणी पुन्हा चालायला लागली. मराठी भावगीतांसाठी ‘आपली आवड’ होती. साठच्या दशकात ट्रान्झिस्टर आले तसा रेडिओ देशमुखाच्या बैठकीतून उठून शेतात, सालगड्याच्या खोपीत, कापूस वेचणाऱ्या बायांच्या बांधावर गेला. १९६८ मध्ये परभणीला आकाशवाणी केंद्र सुरू झालं. जगात जर्मनी, भारतात परभणी, असं आम्ही उगाच म्हणत नाही! मराठवाड्याच्या ऐन मध्यातून आवाज येऊ लागला आणि खरखर थांबली.

रेडिओशिवायची वाट म्हणजे लग्नातला कर्णा आणि जत्रेतला तंबूतला सिनेमा. तंबूवाला खेळ सुरू व्हायच्या आधी रेकॉर्डी लावून गर्दी गोळा करायचा. पुष्कळांनी ‘ना ना करते प्यार’ सिनेमाच्या कितीतरी आधी असंच, तिकिटाच्या रांगेत उभं राहून पाठ केलं.

आमच्या आजोबांना मराठीपेक्षा त्यांची हिंदी-उर्दू गाणी जास्त आवडायची. असं का असावं?

आजोबांची शाळा निजामाच्या काळातली असणार. तेव्हा शिक्षण उर्दूतून, कचेरीचे कागद उर्दूत. त्या पिढीचे कितीतरी मराठी म्हातारे पत्र मराठीत लिहायचे आणि हिशेब उर्दूत मांडायचे. वली आणि सिराज हे शायर ज्या औरंगाबादेचे, तिथल्या परिसरात वाढलेल्या कानाला शेर कळायला वेळ लागत नाही. ‘ख’ आणि ‘ग’ कुठं घशातून यायला हवेत याची तपासणी ही मंडळी बसल्या जागी करायची. नामवंत गायकही त्यांच्या तावडीतून सुटत नसत.

त्यांना ऐकवायचं असेल तर ‘शगुन’मधलं साहिरचं ‘बुझा दिए हैं खुद अपने हाथों’ लावा. खय्याम यांनी वाद्यं अगदी कमी ठेवली आहेत, सगळा भार शब्दांवर आहे आणि सुमनताई एकही शब्द दामटत नाहीत. त्यानंतर १९६३ च्या ‘दिल ही तो है’मधलं रोशन यांचं ‘यूँ ही दिल ने चाहा था’, तेही साहिरचंच. आणि सगळ्यात शेवटी ‘नूर महल’मधलं ‘मेरे महबूब न जा’. हे जानी बाबू कव्वाल यांचं. सिनेमा कुणाच्या लक्षात नाही, गाणं मात्र अजून लोक मागून मागून ऐकतात.

मराठीत कुठून सुरुवात करावी?

बहुतेकांची सुरुवात आधीच झालेली असते, नाव माहीत नसतं इतकंच. लहानपणी ‘निंबोणीच्या झाडामागे’ ऐकत झोपला असाल तर तुम्ही सुमन कल्याणपूर ऐकलेल्या आहेत. १९७७ च्या ‘बाळा गाऊ कशी अंगाई’मधलं, मधुसूदन कालेलकर आणि एन. दत्ता यांचं. गणपतीत सकाळी सकाळी मंडळाच्या भोंग्यावर ‘ओंकार प्रधान रूप गणेशाचे’ लागतं तेही त्याच. ‘केशवा माधवा’ तर काकड्याला जाणाऱ्या बायांच्या तोंडी असतं. गीत रमेश अणावकर, संगीत दशरथ पुजारी.

पुजारींनी त्यांच्याकडून जे गाऊन घेतलं त्याला तोड नाही असं माझं ठाम मत आहे. ‘रिमझिम झरती श्रावणधारा’ घ्या, शब्द मधुकर जोशींचे. आमच्याकडे श्रावणात रिमझिम झरली तर नशीब म्हणायचं. पुष्कळदा आभाळाकडे बघूनच श्रावण सरतो. म्हणूनच की काय, हे गाणं इकडं जरा जास्तच लागतं, मनालाही आणि रेडिओवरही. वसंत प्रभूंचं ‘जिथे सागरा धरणी मिळते’ १९६१ च्या ‘पुत्र व्हावा ऐसा’मधलं, शब्द पी. सावळाराम यांचे. समुद्र न पाहिलेल्या किती माणसांनी मराठवाड्यात बसून ते गुणगुणलं असेल! अशोक जी. परांजपे आणि अशोक पत्की या जोडीची ‘केतकीच्या बनी तिथे’ आणि ‘नाविका रे’ ही नंतरची. तरुण मंडळींना तीच आधी आवडतात.

आणि ‘घाल घाल पिंगा वाऱ्या’. कृ. ब. निकुंब यांची कविता, कमलाकर भागवतांची चाल. सासुरवाशीण वाऱ्याला माहेरी धाडते एवढीच गोष्ट. पंचमीला लेकी माहेरी येतात, झोके बांधतात आणि ज्यांना न्यायला कुणी आलं नाही त्या दारात उभ्या राहून रस्त्याकडे बघतात. हे आमच्या बायकांना कुणी समजावून सांगायला नको. यात सुमनताई रडत नाहीत. हुंदक्याची एक जागा नाही. निरोप नीट पोचावा म्हणून सावकाश सांगावा तसं सांगतात. दुसऱ्या कुणाच्या तोंडून हे गाणं ऐकलं की बहुतेक वेळा गायिका स्वतःच आधी गहिवरलेली असते, आणि मग ऐकणाऱ्याला करायला काही उरत नाही.

त्यांना पुरस्कार वगैरे मिळाले का?

मिळाले, उशिरा. राज्य सरकारचा लता मंगेशकर पुरस्कार मिळाला. २०२३ मध्ये पद्मभूषण. ती बातमी आली त्या दिवशी आमच्यातल्या एकानं पेढे वाटले आणि पेढे घेणाऱ्या निम्म्या लोकांना कारण समजावून सांगावं लागलं.

कराओकेवर त्यांची गाणी सोपी वाटतात, पण जमत नाहीत. काय चुकतं?

आता प्रत्येक तालुक्याच्या गावाला कराओकेचा ग्रुप आहे, त्यामुळे हा प्रश्न वाढलाय.

पहिली गोष्ट पट्टीची. मूळ गाणी उंच स्वरात आहेत. मूळ ट्रॅकवरच गायचा हट्ट धरला की वरच्या जागी आवाज ताणला जातो, आणि ताण आला की हे गाणं संपलं. मोबाइलच्या ॲपमध्ये पट्टी दोन-तीन स्वर खाली घेता येते. घ्या, त्यात कमीपणा काही नाही. युगुलगीत असेल तर सोबतच्या पुरुषाला विचारून घ्या. आपण खाली आलो की तो तळात जातो.

दुसरी गोष्ट माइकची. जोरात गाऊन माइक लांब धरू नका. हळू गा, माइक जवळ ठेवा आणि एको कमी करा. एको वाढवून मऊपणा येत नाही, नुसता घुमारा येतो. आणि लाजरेपणाची नक्कल कृपा करून करू नका. पुष्कळ जणी नाकात गातात आणि त्याला सुमनताईंची शैली म्हणतात.

सुरुवात ‘न तुम हमें जानो’नं करा. १९६२, ‘बात एक रात की’, सचिनदेव बर्मन. ते हेमंतकुमारांनीही गायलंय आणि सुमनताईंनीही. चाल संथ आहे, श्वास घ्यायला जागा आहे.

घरात जुन्या रेकॉर्डी सापडल्या. काय करू?

आधी भंगारवाल्याला थांबवा.

मग बघा की त्या कुठल्या आहेत. जड, ठिसूळ आणि दोन्ही बाजूंना एकेकच गाणं असेल तर ती ७८ ची, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी. लाखेची असते, हातातून पडली की तुकडे. हलकी, लवचीक आणि लहान असेल तर ४५ ची, बहुधा चार गाण्यांची. ७८ कधीही स्पिरिटनं पुसू नका, लाख स्पिरिटमध्ये विरघळते. मऊ कापड, साधं स्वच्छ पाणी, लागलाच तर सौम्य साबणाचा एखादा थेंब, कागदी लेबलला पाणी लागू न देता पुसायचं आणि सावलीत वाळवायचं. ७८ ला सुई वेगळी, जाड टोकाची लागते. ४५ ची बारीक सुई लावाल तर आवाजही येणार नाही नीट आणि खाचाही खराब होतील.

ठेवताना उभ्या ठेवा, एकावर एक थप्पी लावू नका. आमच्याकडचा मे महिना म्हणजे ४३-४४ अंश. पत्र्याच्या खोलीत ठेवलेली ४५ ची रेकॉर्ड पापडासारखी वाकते आणि मग ती कशानंही सरळ होत नाही. जुन्या मातीच्या भिंतीचं, माळवदाचं घर असेल तर त्यातला कोनाडा उत्तम. फक्त वाळवी बघा.

लेबलवर गायिकेचं नाव वाचा, पण कानानं खात्री करून घ्या. का ते वर सांगितलंच आहे.

सुमनताईंचा पत्ता किंवा फोन मिळेल का?

नाही. त्यांनी आयुष्यभर स्वतःला प्रसिद्धीपासून लांब ठेवलं. प्रेम असेल तर तेवढं सांभाळा.

बैठकीला यायचं असेल तर?

या. फी नाही, सभासदत्व नाही, भाषण नाही. एक गाणं निवडून या आणि ते का निवडलं ते दोन वाक्यांत सांगा. तिसरं वाक्य सुरू झालं की आम्ही गाणं लावतो. मोबाइल बंद. गाणं चालू असताना सोबत गायचं नाही, कितीही पाठ असलं तरी. नंतर सुशीला (फोडणीचे चुरमुरे) आणि चहा असतो, त्या वेळी हवं तेवढं गा. लहान लेकरं आणायला हरकत नाही. ‘निंबोणीच्या झाडामागे’ लावलं की ती झोपतात, आणि मागच्या सतरंजीवरचे दोन-तीन म्हातारेही.